पानं कुरतडली जाऊ द्या : मुंबईत पाखरांसाठी बाग, आणि त्या निमित्ताने एका कादंबरीकाराशी ओळख

मला हल्ली दोन प्रश्न वारंवार येतात. एक, इमारतीमागच्या बोळात तुम्ही एवढी फुलपाखरं कशी आणलीत? दोन, त्या कादंबरीकार बाई तर कुणाला दारात उभं करत नाहीत, तुमच्याशी कशा काय बोलायला लागल्या? दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

बाई गोरेगाव पूर्वेला तळमजल्यावर राहतात. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या अरुंद पट्टीत त्यांची बाग आहे आणि तिच्यात एकही पान धड नाही. हे त्यांनी ठरवून केलंय. नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही. सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही म्हणतो. खालचं बरंचसं त्यांच्याकडून शिकलेलं, उरलेलं करून पाहिलेलं.

घरी बसून लिहिणारे, बाल्कनी किंवा गच्चीचा कोपरा किंवा तळमजल्यामागची पट्टी असलेले, आणि मनी प्लांटच्या पुढे न गेलेले, अशांसाठी हे आहे.

१. आधी ऊन बघा, मग कुंडी घ्या

एका सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तासातासाला जागा बघा आणि ऊन कुठे पडतं तिथे खडूने खूण करा. चार तास थेट ऊन मिळालं तर फुलपाखरांची बाग होते. त्याहून कमी असेल तर पक्षी आणि पाली येतील, फुलपाखरं जेमतेम.

फसगत इथे होते की लोक एकाच ऋतूत ऊन बघतात. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. डिसेंबरात दक्षिणेच्या बाल्कनीत आतपर्यंत येणारं ऊन मे-जूनमध्ये तिथून जवळजवळ नाहीसं होतं आणि उत्तरेच्या बाल्कनीला मिळतं. शक्य असेल तर थंडीत एकदा आणि मे महिन्यात एकदा बघा. समोर टॉवर उभा राहत असेल तर तोही हिशेबात धरा.

वजनाचंही बघा. बारा इंची कुंडी मातीने भरून पाणी घातलं की वीस किलोच्या आसपास जाते. जुन्या इमारतीच्या बाहेर काढलेल्या बाल्कनीत अशा कुंड्यांची रांग लावू नका. माती कमी, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत जास्त, असं मिश्रण घ्या. आणि कठड्यावर कुंडी कधीच ठेवायची नाही, कितीही बांधलेली असली तरी. जूनमधला वारा खालून चालणाऱ्याचा विचार करत नाही.

२. सोसायटीचे कागद

घराच्या आतली बाल्कनी तुमची. गच्ची, मागची पट्टी, जिन्याखालचा कोपरा हे सामाईक. तिथे एक रोप लावायचं तरी कमिटीला लेखी कळवा. तोंडी परवानगी सेक्रेटरी बदलला की संपते.

लागतं ते असं:

- कमिटीच्या नावे अर्ज, दोन प्रती. एका प्रतीवर पोच घ्या.
- जागेचा साधा हाताने काढलेला नकाशा आणि आजचे फोटो. नंतर ओल आली तर ती आधीची की तुमची, हे ठरवायला फोटोच कामी येतात.
- पाणी कुठून घेणार आणि त्याचं काय, ही एक ओळ.
- गच्ची असेल तर वॉटरप्रूफिंग कधी झालं त्याची माहिती. कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर ठेवू असं अर्जातच लिहा.
- कमिटीच्या सभेत ठराव झाल्यावर इतिवृत्ताची प्रत.

मोठ्या झाडांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. आवारातलं झाड तोडायचं, छाटायचं तर पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग जमीन सोसायटीची का असेना. अर्ज वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात करायचा. इथे एक सांगतो, कारण दरवर्षी तेच होतं: पावसाळ्यापूर्वीची छाटणी सोसायट्या एप्रिल-मेमध्ये काढतात आणि नेमका तोच कावळ्यांचा घरट्यांचा काळ असतो. कावळ्यांच्या घरट्यात कोकिळेची अंडीही असतात. परवानगी हातात आली तरी छाटणीवाल्याला फांदी दाखवताना आधी वर बघा. छाटणी थंडीत उरकून घ्यायला कमिटीला राजी करता आलं तर उत्तमच.

बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक घट्ट बसवले असतील तर निदान एक मीटर माती मोकळी करून घ्या. दिव्यांच्या माळांसाठी ठोकलेले खिळेही काढा.

३. खाद्यझाडं : बागेचा खरा पाया

नवखा माणूस फुलं लावतो. फुलांवर फुलपाखरं मध प्यायला येतात आणि जातात. ती राहायला हवी असतील तर अंडी घालायला जागा लागते, आणि प्रत्येक जातीची अळी ठरावीक झाडाचीच पानं खाते. म्हणून आधी खाद्यझाड, मग फूल.

कढीपत्त्यापासून सुरुवात करा. घरात तसाही लागतो. त्यावर कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय ही फुलपाखरं अंडी घालतात. अंडं पिवळसर, मोहरीहून लहान, कोवळ्या पानावर एकेकटं. अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते, काळपट-तपकिरी आणि मधे पांढरा डाग. बरेच जण इथेच तिला पुसून टाकतात. मोठी झाली की हिरवीगार होते. काडीने हलकेच डिवचलंत तर डोक्यामागून दुभंगलेलं तांबडं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. तो पक्ष्यांना आणि मुंग्यांना पळवायचा वास. ती पोसली जाईपर्यंत एखादी फांदी पूर्ण बोडकी होते. होऊ द्या, महिन्याभरात पुन्हा फुटते. फोडणीसाठी दुसरी कुंडी ठेवा.

कुंडीत जमणारी बाकीची:

- पानफुटी. रेड पिअरोची अळी पानाच्या आत शिरून मधला गर खाते. पान उजेडात धरलं तर दोन पातळ पापुद्रे आणि मधे सरकणारी अळी दिसते. लावायला सगळ्यांत सोपी, पान मातीवर टाकलं तरी कडांना रोपं फुटतात.
- रुई. प्लेन टायगरसाठी. नर्सरीत सहसा मिळत नाही; रेल्वेमार्गाच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर उगवलेली असते. शनिवारी मारुतीच्या हारांसाठी पानं आणणाऱ्या बायकांना विचारा, त्यांना जागा ठाऊक असतात. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. कुंडीत रुई रमत नसेल तर हळदीकुंकवाचं रोप लावा, त्यावरही प्लेन टायगर येतं.
- कृष्णकमळ. टॉनी कोस्टरच्या काटेरी अळ्या झुंडीने येतात आणि वेल फस्त करतात. ग्रिलवर चढवा.
- कण्हेर. कॉमन क्रो फुलपाखराचा चांदीच्या चकाकीचा कोश पानाखाली लटकलेला मिळतो. झाडाचा प्रत्येक भाग विषारी, घरात लहान मूल असेल तर वगळा.

जमीन असेल तर एखादं लिंबू किंवा पपनस लावा. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखरू केलं त्या ब्लू मॉरमॉनची अळी याच कुळातल्या झाडांवर वाढते. आणि तुमच्या सोसायटीत कंपाउंडला लागून उंच खोटे अशोक आहेत ना? टेल्ड जे या फुलपाखराचं खाद्यझाड ते. विकत घ्यायची गरजच नाही, फक्त त्यांच्या पायथ्याशी उन्हात फुलझाडं ठेवा.

फुलांसाठी जास्वंद, एक्झोरा, आणि तुळस. तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका. तिच्यावर दिवसभर मधमाश्या असतात. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, पण ती बाहेरून आलेली आणि जंगलं गिळणारी वनस्पती आहे, तिला घरी आणू नका.

नर्सरीतला सापळा : तिथलं तजेलदार, एकही भोक नसलेलं कढीपत्त्याचं रोप बहुतेक वेळा फवारलेलं असतं. तसंच ठेवलंत तर अंडी घातली जातात आणि अळ्या मरतात. नवं रोप पहिले काही आठवडे बाजूला ठेवा, नवी पालवी येऊ द्या. शक्य असेल तिथे फांदी किंवा बी ओळखीच्याकडून मागून घ्या. याचा उपयोग पुढे सहाव्या पायरीला आहे.

झाडं आधी पाहायची असतील तर माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान गाठा. कचऱ्याच्या डेपोवर उभं केलेलं ते रान १९९४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. ठाण्याला घोडबंदर रस्त्याजवळची ओवळेकर वाडी निव्वळ फुलपाखरांसाठी आहे. तिथे खाद्यझाडं कशी लावली आहेत ते नीट बघून घ्या.

४. पाणी, पण डास नकोत

उथळ मातीचं ताट, दोन बोटं पाणी, मधे एक खडबडीत दगड. बस. खोल भांड्यात चिमण्या उतरत नाहीत.

पाणी दिवसाआड ओतून ताट घासायचं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं पावसाळ्यात कुंड्या तपासत फिरतात. त्यांना डासांच्या अळ्या सापडतात त्या पक्ष्यांच्या ताटात नाही, कुंडीखालच्या बशीत. पावसाळ्याचे चार महिने बश्या काढूनच टाका. छोटं कमळाचं टाकं हवं असेल तर त्यात गप्पी मासे सोडा.

पाणीकपातीच्या दिवसांत एसीचं गळणारं पाणी झाडांना चालतं. फिल्टरमधून वाया जाणारं रोज घालू नका, क्षार साचतात.

५. दाणे टाकू नका

या मुद्द्यावर माझी बऱ्याच जणांशी वादावादी झाली आहे. दाणे टाकले की मुंबईत कबुतरं येतात. फक्त कबुतरं. ती बाकीच्यांना हुसकावतात, विष्ठेचा त्रास फुप्फुसांना होतो, आणि २०२५ पासून पालिका दाणे टाकणाऱ्यांकडून दंडही वसूल करते. बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर यांच्या पिलांना मुळात किडे आणि अळ्या लागतात. तिसऱ्या पायरीतल्या अळ्यांपैकी बऱ्याच त्यांच्या पोटात जाणार. वाईट वाटून घेऊ नका, बाग चालू असल्याची तीच खूण आहे.

कबुतरांसाठी जाळी लावली असेल तर ती ताणून घट्ट बसवून घ्या. सैल जाळीत शिंजीर आणि वटवाघळं अडकतात. कोळिष्टकं सगळी झाडू नका. शिंजीर आपलं लोंबतं घरटं त्यांनीच बांधतो, कधीकधी बाल्कनीतल्या वायरवर. बांधलं तर तिथे ये-जा कमी करा आणि फोटोचा मोह आवरा. पडलेलं पोपटाचं पिल्लू पाळायचं म्हणून ठेवू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. जखमी पक्षी किंवा साप दिसला तर वनविभागाचा क्रमांक १९२६. पावसाळ्यात तळमजल्याला दिवड येतो, तो बिनविषारी आहे. काठी शोधण्याऐवजी फोन शोधा.

सोसायटीत औषध मारायला येणाऱ्या कंत्राटदाराचा दिवस सेक्रेटरीकडून आधी विचारून घ्या आणि त्या दिवशी समोर उभे राहा. गटारं, मीटर रूम, तळघर मारू दे, झाडांवर नाही. लेखी घेतलंत तर दर वेळी भांडावं लागणार नाही.

पावसात आफ्रिकन गोगलगायी येतात, चांगल्या मूठभर आकाराच्या. त्या पाहुण्या नाहीत. रात्री टॉर्च घेऊन, हातमोजे घालून वेचायच्या. मातीवर मीठ टाकलंत तर गोगलगाय मरेल आणि रोपही. सुकी पानं मात्र एका कोपऱ्यात राहू द्या, बेडूक आणि सापसुरळ्या त्याच ढिगात राहतात. आरे किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांनी खरकटं आणि मटणाची हाडं बागेत पुरू नयेत. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

६. दुसऱ्या लेखकाशी ओळख

आता दुसरा प्रश्न. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला ताईंवर लिहायला सांगितलं होतं. आधी ज्यांनी प्रयत्न केले होते त्यांना फोनवर "मी काही बोलत नसते" एवढंच ऐकायला मिळालं होतं. मी पुस्तकाबद्दल काहीच विचारलं नाही. "तुमच्याकडे ईश्वरीची वेल आहे असं ऐकलंय, बघायला येऊ का?" एवढंच. ईश्वरीवर कॉमन रोज नावाचं फुलपाखरू अंडी घालतं आणि मुंबईत ती वेल सहजी सापडत नाही. पलीकडून उत्तर आलं, "पाऊस नसेल त्या दिवशी या. नऊच्या आत."

बाग असलेल्या कुठल्याही लेखकाला भेटायचं तर माझा सल्ला असा.

वेळ. जून ते ऑगस्ट दिवाळी अंकांच्या कथा-लेखांचा हंगाम, तेव्हा लिहिणाऱ्याला गाठू नका. मजकूर देऊन झाला की माणूस मोकळा होतो, आणि योगायोगाने पावसानंतर, सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, मुंबईत फुलपाखरंही सर्वांत जास्त असतात. सकाळी आठ ते दहा या वेळात ती पंख पसरून ऊन खात बसतात. दुपारी गेलात तर बाग झोपलेली आणि बहुधा लेखकही.

हातात काय न्यायचं. गुच्छ नाही, पेढे नाहीत. एक फांदी, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. घरात जे बऱ्यापैकी वाढलं असेल त्याची. पानफुटीचं पानही चालतं. फांदी दिली की समोरचा आधी कात्री, मग कुंडी, मग माती शोधायला उठतो, आणि त्या खटाटोपात औपचारिकपणा गळून पडतो.

काय विचारायचं. "हे झाड कुठून आलं?" हा एक प्रश्न पुरतो. प्रत्येक झाडामागे कोणीतरी असतं: माहेरची मोगरी, गेलेल्या मैत्रिणीने दिलेली अबोली, भांडलेल्या शेजाऱ्याचं लिंबू. ताईंनी लिंबाची हकीकत सांगता सांगता त्यांच्या एका कादंबरीतला सासरा कुठून आला हेही सांगून टाकलं. "प्रेरणा कुठून मिळते?" असं विचारलं असतं तर चहाही मिळाला नसता.

काय टाळायचं. पहिल्या भेटीत रेकॉर्डर चालू करू नका. पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढू नका. त्यांचं एखादं पुस्तक वाचून मात्र जा, आणि वाचलंय हे दाखवू नका. विषय निघाला तर कळेलच. अळी काढून टाकू का, असं मदतीच्या भावनेनेही विचारू नका. अहो-जाहो त्यांनी सोडेपर्यंत आपण सोडायचं नाही.

हस्तलिखित कधी द्यायचं. त्यांनी तुमच्याकडून काहीतरी मागितल्यावर. ताईंनी माझ्याकडून कृष्णकमळाची फांदी मागवली, त्यानंतर मी कथा दिली. देताना काय हवंय ते स्पष्ट सांगा: भाषा बघा, की शेवट पटतो का तेवढंच बघा. नुसतं "अभिप्राय द्या" म्हटलं की वाचणाऱ्यावर ओझं पडतं.

बागवाल्या लेखकाचा एक फायदा दुसऱ्या कोणाकडून मिळत नाही. पळस माघ-फाल्गुनात फुलतो, बहावा आणि ताम्हण चैत्र-वैशाखात. कथेत कोणी श्रावणात पळस फुलवला तर ताई समासात फक्त "फाल्गुन" एवढंच लिहितात. बाकी टिप्पणी नाही.

७. नोंदवही आणि सामान

जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल (पावसात शाई फुटते), छोटं भिंग, कात्री, हातमोजे, झारी. दुर्बीण लगेच नको. घ्याल तेव्हा ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्या. ओळख पटत नसेल तर फोटो आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाका, जाणकार नाव सांगतात.

वहीत तारीख, झाड, काय दिसलं. तीन रकाने. ताई चौथा रकाना ठेवतात, त्या दिवशी काय लिहिलं याचा. मी तो रिकामा सोडतो, कारण बहुतेक दिवशी तो रिकामाच असतो.

८. इमारत पुनर्विकासाला गेली तर

मुंबईत हे आज ना उद्या येतंच, म्हणून आधीच तयारी ठेवा. विशेष सभेत आराखडा मांडला जातो तेव्हाच आवारातली झाडं मोजून यादी इतिवृत्तात घाला. बिल्डरला झाडं काढायला किंवा हलवायला वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो; त्याची नोटीस झाडांवर लावली जाते आणि हरकती मागवल्या जातात. नोटिशीचा फोटो काढा आणि मुदतीत लेखी हरकत द्या, फोनवर नाही. नव्या इमारतीत मातीची पट्टी हवी असेल तर ती करारातच लिहून घ्या. पोडियमवर (पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर) कुंड्या ठेवू, असं तोंडी आश्वासन पुरेसं नाही.

लहान झाडांचं तुम्हीच बघायचं. फांद्या आणि बिया आधीच वाटून टाका, शक्यतो वेगवेगळ्या उपनगरांत, म्हणजे एका ठिकाणी मेली तरी दुसरीकडून परत मागता येतात. ताईंच्या ईश्वरीची एक फांदी माझ्याकडे आहे आणि माझ्या पानफुटीची पिल्लावळ त्यांच्याकडे. घर रिकामं करायची तारीख मे महिन्यातली आली तर कमिटीमार्फत जूनअखेरपर्यंत मुदत मागून बघा. मेच्या उन्हात उपटलेला कढीपत्ता सहसा जगत नाही. पाऊस लागल्यावर मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट काढला, निम्मी पानं छाटली आणि पहिले दोन आठवडे सावलीत ठेवला तर बहुतेक वेळा धरतो.